सिक की खाडा? तुकड्या-तुकड्यानं घेतलेल्या आजारपणाच्या रजेचा हिशेब

अहिल्यानगर : सुपा किंवा नागापूर एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणारा एखादा कामगार डोळ्यांसमोर आणा. घर वाडीवर, रोज पहाटे कंपनीच्या बसची वाट. पगार पंधरा हजार, म्हणजे दिवसाला पाचशे रुपये. अशा माणसाला कर्करोग निघाला. डॉक्टरांनी सहा केमो सांगितल्या, दर २१ दिवसांनी एक. केमो झाली की चार दिवस अंग उचलत नाही, अन्न जात नाही. पाचव्या दिवशी मात्र माणूस उठतो, डबा घेतो आणि बसमध्ये बसतो. मधले सतरा दिवस तो काम करू शकतो आणि त्याला करायचंही आहे. घर त्याच पगारावर चालतं.

या माणसाला सहा महिन्यांची सलग रजा नको आहे. त्याला चार-चार दिवसांचे सहा तुकडे हवेत. आणि पाचव्या दिवशी गेटवर गेल्यावर वॉचमन आत सोडील, एवढी खात्री हवी.

ही खात्री कायदा देतो का? अर्धी देतो. तुकड्यांत रजा घेण्याची आणि त्या दिवसांचे पैसे मिळण्याची सोय राज्य कामगार विमा योजनेत, म्हणजे ज्याला सगळे ईएसआय म्हणतात त्यात, फार आधीपासून आहे. पण प्रत्येक तुकड्याला वेगळा कागद लागतो. कागद असला तर तो दिवस 'सिक' धरला जातो. नसला तर तोच दिवस 'खाडा' होतो. खाडे साठत गेले की आजारी माणूस कंपनीच्या फाइलमध्ये 'वारंवार गैरहजर राहणारा' ठरतो. गावोगावचे अनेक जण नोकरीला इथेच मुकतात.

आजार बदलले, हजेरीपुस्तक तेच

पूर्वी आजारपणाची रजा म्हटलं की टायफॉइड, कावीळ, मोडलेला पाय. माणूस महिनाभर खाटेवर, मग बरा होऊन कामावर. एकदाच गैरहजर, एकदाच हजर. रजेचे बरेचसे नियम असं चित्र समोर ठेवूनच झालेले आहेत.

आता गावागावात दिसणारे आजार वेगळे आहेत. किडनी निकामी झालेल्याला आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस लागतं. एका वेळेला साधारण चार तास मशीनवर, जाण्यायेण्याचा वेळ वेगळा, म्हणजे तो दिवस गेलाच. केमो ठरावीक दिवसांनी असते. सिकलसेलच्या रुग्णाला दुखणं कधी उठेल ते सांगता येत नाही. साध्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा. सुरुवातीचे काही आठवडे जड जातात, नंतर गोळ्या चालू ठेवून काम करता येतं, पण तपासणीच्या फेऱ्या राहतातच. मानसिक आजाराचंही तसंच, चार महिने ठीक, मग आठ दिवस वाईट.

उपचाराच्या खर्चासाठी सरकारी योजना आहेत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात २०१६ पासून गरिबांना मोफत डायलिसिस मिळतं. टीबीच्या रुग्णाला निक्षय पोषण योजनेतून महिन्याला एक हजार रुपये मिळतात. दवाखान्याचं बिल यांतून बऱ्यापैकी निघतं. बुडालेली हजेरी यांतल्या कशातही बसत नाही. म्हणून पुष्कळ पेशंट उपचार मोफत असूनही केमो पुढे ढकलतात, डायलिसिस आठवड्यातून दोनदाचं एकदा करतात. दवाखान्यात न जाण्याचं कारण पैसे नसून पाळी असते.

ईएसआय काय देतं

महिन्याला २१ हजार रुपयांपर्यंत पगार असलेल्या आणि योजनेत येणाऱ्या कंपनीतल्या कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के रक्कम ईएसआयला कापली जाते. मालक ३.२५ टक्के भरतो. पंधरा हजार पगार असेल तर कामगाराचे ११२ रुपये ५० पैसे आणि मालकाचे ४८७ रुपये ५० पैसे. दहा किंवा त्याहून जास्त कामगार असलेला कारखाना यात येतो.

या पैशांतून कुटुंबाला दवाखाना मिळतो, हे सगळ्यांना माहीत असतं. आजारपणात रोख पैसेही मिळतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. त्याला आजारपणाचा लाभ म्हणतात. वर्षात ९१ दिवसांपर्यंत, रोजच्या सरासरी पगाराच्या ७० टक्के. अट अशी की, आधीच्या सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी. वर्गणी काळ दोन आहेत : १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. पहिल्या काळात भरलेल्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये लाभ मिळतो, दुसऱ्या काळातल्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरमध्ये.

हे ९१ दिवस एकदमच घ्यायचे, असं कुठेही लिहिलेलं नाही. चार घ्या, मग कामावर या, परत तीन घ्या. आजार सांगेल तसे तुकडे पडू शकतात. पगारी रजेपेक्षा ही गोष्ट मोठी आहे. जुन्या फॅक्टरी कायद्यात पगारी रजा वर्षातून जास्तीत जास्त तीन वेळाच तोडून घेता येत असे. सहा केमो त्या तीन वेळांत कशा बसवणार?

आजार मोठा असेल तर पुढची पायरी आहे. कर्करोग, टीबी, किडनी कायमची निकामी होणं अशा ३४ लांबणाऱ्या आजारांसाठी ९१ दिवस संपल्यावर वाढीव लाभ मिळतो. दोन वर्षांपर्यंत, आणि तोही ८० टक्के दराने. त्यासाठी सलग दोन वर्षांची नोकरी आणि मागच्या चार वर्गणी काळांत मिळून किमान १५६ दिवसांची वर्गणी लागते. डायलिसिसच्या पेशंटसाठी ही पायरी महत्त्वाची. आठवड्याला दोन फेऱ्या धरल्या तरी वर्षाचे १०४ दिवस होतात आणि ९१ आधीच संपतात.

दोन दिवसांची मेख

इथपर्यंत सगळं छान वाटतं. मेख पुढे आहे. आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचे पैसे मिळत नाहीत. याला अपवाद एकच. मागच्या ज्या आजारपणाचे पैसे मिळाले, ते संपल्यापासून १५ दिवसांच्या आत पुन्हा आजारपण सुरू झालं, तर हे दोन दिवस कापत नाहीत.

हा नियम सुरुवातीच्या केमोच्या कामगाराला लावून बघा. तो चार दिवस रजेवर राहतो. पहिले दोन दिवस कापले, दोन दिवसांचे पैसे मिळाले. पुढची केमो २१ दिवसांनी, म्हणजे मध्ये १७ दिवस कामाचे गेले. पंधराच्या वर अंतर पडलं, म्हणून परत पहिले दोन दिवस कापले. सहाही वेळा हेच. एकूण रजा २४ दिवस, पैसे १२ दिवसांचे. रोजचे पाचशे धरले तर सत्तर टक्क्यांनी ३५० रुपये, म्हणजे हातात ४,२०० रुपये. बुडालेला पगार १२ हजार.

आता दुसरा कामगार घ्या. आजार तोच, केमो त्याच. याला अशक्तपणा जास्त, म्हणून डॉक्टरांनी दर वेळी सहा दिवस विश्रांती लिहिली. मध्ये अंतर पडलं १५ दिवसांचं. त्यामुळे दोन दिवस फक्त पहिल्या वेळी कापले गेले. एकूण रजा ३६ दिवस, पैसे ३४ दिवसांचे, म्हणजे ११,९०० रुपये.

पाचव्या दिवशी उठून कामावर जाणाऱ्याला कमी पैसे आणि सातव्या दिवशी जाणाऱ्याला जास्त. कामाची ओढ असणाऱ्या माणसाला हा नियम उलटा पडतो. याचा अर्थ डॉक्टरांना सांगून दिवस वाढवून घ्यावेत असा नाही. किती दिवस विश्रांती ते दुखणं ठरवतं आणि डॉक्टर लिहितो. पण दोन दिवसांची ही अट किरकोळ सर्दी-तापाच्या रजांना आळा म्हणून असेल, तर कर्करोगाच्या पेशंटला तिची झळ का बसावी, हा प्रश्न उरतोच.

डायलिसिसचं गणित आणखी अवघड आहे. तिथे तुकडा एका दिवसाचा. पहिले दोन दिवस कापायचे म्हटल्यावर एका दिवसाच्या तुकड्यात मिळण्यासारखं काही उरतच नाही. आणि पैसे मिळालेला तुकडा मागे नसेल, तर १५ दिवसांच्या अपवादाचा फायदाही लागू होत नाही. सुरुवातीला दवाखान्यात ॲडमिट राहून किमान तीन दिवसांची रजा झालेली असेल, तिचे पैसे मिळालेले असतील, तर मात्र पुढचे एक-एक दिवस त्याला साखळीसारखे जोडले जातात. म्हणून ॲडमिट असतानाचा कागद सगळ्यात मोलाचा. नेमका तोच कागद पुष्कळ जण घेत नाहीत. 'आधी माणूस वाचू दे, कागदाचं नंतर बघू' असं म्हणतात. त्या वेळी ते बरोबरही वाटतं.

नोकरी राखणारं कलम

पैसे हा एक भाग झाला. नोकरीचं काय? १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याच्या कलम ७३ मध्ये याचं उत्तर आहे. कामगार आजारपणाचा लाभ घेत असताना किंवा आजारासाठी उपचाराखाली असताना मालकाने त्याला कामावरून काढायचं नाही, पद कमी करायचं नाही, दुसरी शिक्षाही द्यायची नाही. त्या काळात काढल्याची नोटीस दिली, तर ती नोटीस कायद्याने निकामी.

ही ढाल कायमची नाही. सलग सहा महिन्यांहून जास्त उपचार चालला तर ठरावीक अटींवर नोटीस देता येते. टीबीसारख्या लांबच्या आजारांत ही मुदत आणखी जास्त आहे. पण तुकड्यांत रजा घेणाऱ्याचा प्रश्न मुदतीचा नसतोच. त्याचा प्रश्न असतो मधल्या दिवसांचा. केमो आणि केमो यांच्या मध्ये तो कामावर आहे. अशा वेळी तो 'उपचाराखाली' आहे हे कागदावर दिसलं पाहिजे. नाहीतर कंपनी म्हणते, हा तर रोज कामावर येतो, याला कसला आजार?

दुसरी एक तरतूद कमी लोकांना माहीत असते. औद्योगिक विवाद कायद्यात सलग सेवा मोजताना आजारपणामुळे पडलेला खंड हा खंड धरत नाहीत. 'मध्ये चार महिने तुकड्या-तुकड्यानं गैरहजर होतास, आता सर्व्हिस नवीन मोजू' असं कोणी म्हणालं तर ते चालत नाही. अट परत तीच, गैरहजेरी आजारपणाची होती हे दाखवता आलं पाहिजे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत ईएसआय सामाजिक सुरक्षा संहितेत गेलं, पगारी रजेसाठी वर्षात २४० ऐवजी १८० दिवस काम पुरेसं झालं. आजारी माणसाला दुसरा बदल उपयोगाचा आहे, कारण २४० दिवस भरणं त्यालाच सगळ्यात जड जातं. जुनं सगळं नव्या चौकटीत बसवण्याचे हे दिवस आहेत. त्यामुळे तक्रार करताना कलमाचा आकडा बदललेला असू शकतो. ईएसआयच्या शाखा कार्यालयात लेखी विचारून घेतलं की वाद कमी होतात.

'सवयीची गैरहजेरी' हा शिक्का

ज्या कंपन्यांना स्थायी आदेश लागू आहेत, तिथल्या आदर्श नियमांत गैरवर्तनाची यादी असते. चोरी, मारामारी, दारू पिऊन येणं. त्याच यादीत आणखी दोन गोष्टी आहेत : परवानगीशिवाय सलग दहा दिवसांहून जास्त गैरहजर राहणं आणि सवयीने परवानगीशिवाय गैरहजर राहणं.

सलग महिनाभर खाटेवर पडलेल्याबद्दल शंका कोणी घेत नाही. गावाला, शेजाऱ्याला, सुपरवायझरला, सगळ्यांना दिसतं की माणूस आजारी आहे. तुकड्यांत रजा घेणाऱ्याची गोष्ट वेगळी. सोमवारी नव्हता, मंगळवारी होता, पुढच्या सोमवारी परत नव्हता. सुपरवायझरला त्यात आजार दिसत नाही, सवय दिसते. त्यालाही प्रॉडक्शनचं टार्गेट असतं, लाइनवरचा एक माणूस कमी पडला की वरून बोलणी त्यालाच. लहान कारखान्याच्या मालकाची अडचणही खोटी नाही. बारा माणसांच्या वर्कशॉपमध्ये लेथवरचा एकच कसबी गडी असेल, तर त्याचा आधी न कळवलेला एक दिवस म्हणजे अडकलेली ऑर्डर. महिनाभर कोणी नसेल तर बदली माणूस ठेवता येतो. एका दिवसासाठी कुठून आणायचा?

म्हणून यातली निम्मी भांडणं आजारावरून नसतात, न कळवण्यावरून असतात. केमोची तारीख तीन आठवडे आधी माहीत असते, डायलिसिसचे वार ठरलेले असतात. हे आधी लिहून दिलं की मालकाला पाळ्या लावता येतात. तोंडी सांगितलं की 'मला कोणी बोललं नाही' असं म्हणायला वाट राहते, आणि ती वाट नंतर कामगारालाच महागात पडते.

काढत नाहीत, बोलवत नाहीत

कायम कामगाराला निदान काढावं लागतं, म्हणजे नोटीस, चौकशी, कागद. ठेकेदाराच्या कामगाराला कोणी काढत नाही. त्याला फक्त बोलवत नाहीत. 'सध्या काम नाही, फोन करतो' एवढं वाक्य पुरतं. कलम ७३ काढण्याच्या आड येतं. न बोलावण्याच्या आड येईल असं कलम शोधणं कठीण आहे.

तरीही ठेकेदाराच्या माणसाकडे काहीच नाही, असं नाही. ठेकेदारामार्फत लावलेल्या कामगाराची ईएसआय वर्गणी भरली जाते की नाही, याची जबाबदारी मूळ कंपनीवरही आहे. विमा क्रमांक एकदा मिळाला की तोच राहतो, ठेकेदार बदलला म्हणून तो बदलत नाही. अडचण येते ती वर्गणीत. पगारातून पैसे कापले जातात, पण वर भरलेच जात नाहीत किंवा कमी दिवसांचे भरले जातात, अशा तक्रारी नेहमीच्या आहेत. वर्गणी ७८ दिवसांपेक्षा एक दिवस जरी कमी दिसली, तरी त्या काळाचा लाभ अडकतो. आणि हे कळतं कधी? आजारी पडल्यावर.

साखरेच्या जिल्ह्यातलं भोक

अहिल्यानगर जिल्ह्यात रोजगाराचा मोठा आधार साखर कारखाने. आणि ईएसआयच्या कायद्यात हंगामी कारखाने वगळलेले आहेत. हंगामी कारखाना कोणता, याच्या व्याख्येत साखर आणि गूळ तयार करणारे कारखाने नाव घेऊन आहेत. एमआयडीसीत नट-बोल्टच्या युनिटवर काम करणाऱ्याला जे ९१ दिवस मिळतात, ते गाळपावर काम करणाऱ्याला या योजनेतून मिळत नाहीत. एकाच घरातले दोन भाऊ, एक सुप्याला आणि एक कारखान्यावर, आजारी पडले तर दोघांचा हिशेब वेगळा.

कारखान्याच्या गेटबाहेर, फडात तर हिशेबच उलटा आहे. पाथर्डी, शेवगाव भागातून आणि शेजारच्या बीडमधून दर वर्षी हजारो जोड्या ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली. बाई आजारी पडली, एक दिवस फडात गेली नाही, तर त्या दिवसाचे पैसे मिळत नाहीतच, वर मुकादम खाडा कापतो. दिवसाला पाचशे रुपयांपर्यंत खाडा कापल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं होत आहेत. एमआयडीसीतल्या कामगाराला आजारपणाच्या दिवसाचे ७० टक्के मिळतात. ऊसतोड बाईला आजारपणाच्या दिवसाचा दंड भरावा लागतो.

याचा शेवट कुठे झाला ते राज्याने पाहिलं आहे. बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यामागे कारणं अनेक आहेत : खासगी दवाखान्यांचा धंदा, लहान वयातली लग्नं, कर्करोगाची घातलेली भीती. पण महिन्याच्या महिन्याला अंगावरून जाणं, पोटात दुखणं आणि त्यापायी पडणारा खाडा हेही त्यातलं एक मोठं कारण. दर महिन्याला एक-दोन दिवसांची रजा आणि वेळच्या वेळी औषधोपचार यांनी भागण्यासारखं दुखणं कित्येकींनी एकदाच पोट फाडून मिटवलं. तुकड्यांत रजा नसली की माणूस आजारही तुकड्यांत ठेवत नाही, मुळापासून उपटायला बघतो.

जिथे तुकड्यांची रजा नावानिशी आहे

अमेरिकेत १९९३ च्या कौटुंबिक आणि वैद्यकीय रजा कायद्यात तुकड्यांची रजा थेट लिहिलेली आहे. वर्षाला बारा आठवड्यांची रजा, आणि आजाराला गरज असेल तर ती दिवसांत किंवा तासांतही तोडून घेता येते. डायलिसिसला चार तास गेले तर चारच तास मोजायचे. परत आल्यावर तीच किंवा तिच्या बरोबरीची नोकरी द्यायची, आणि कंपनीचा आरोग्य विमाही मध्ये चालू ठेवायचा.

तिथलं सगळंच सोन्याचं आहे, असं मात्र नाही. ती रजा बिनपगारी आहे. ५० पेक्षा कमी माणसं असलेल्या खासगी कंपनीला कायदा लागूच नाही. वर्षभर नोकरी आणि त्यात १,२५० तास काम झालेलं असावं लागतं. म्हणजे तिथे खुर्ची राखली जाते पण खिसा रिकामा. इथे ईएसआयमध्ये खिशात थोडं पडतं, पण खुर्ची डगमगते.

तिथली घेण्यासारखी गोष्ट एक आहे. डॉक्टर सुरुवातीलाच एका प्रमाणपत्रात लिहून देतो : अमुक आजार आहे, महिन्यातून साधारण इतक्या वेळा, दर वेळी इतके दिवस त्रास होईल, उपचार इतके महिने चालेल. तारखा माहीत असतील तर कामगाराने ३० दिवस आधी कळवायचं. मालकालाही हक्क आहे. उपचार ठरलेल्या तारखांचा असेल तर तो कामगाराला तेवढ्यापुरतं त्याच पगाराच्या दुसऱ्या कामावर बदलू शकतो. एका कागदावर दोघांचं भागतं. दर तुकड्याला पहिल्यापासून सिद्ध करत बसावं लागत नाही.

आपल्याकडे विमा डॉक्टरच्या प्रमाणपत्राची साखळी असते. पहिलं प्रमाणपत्र, मग सहसा सात-सात दिवसांनी मधलं, शेवटी फिटनेस. सलग आजारपणाला ही पद्धत ठीक आहे. पण केमोच्या सहा तुकड्यांना ती सहा वेळा पहिल्यापासून करावी लागते. त्यात ईएसआयचा दवाखाना शहराच्या किंवा एमआयडीसीच्या बाजूला, पेशंट वाडीवर. चार दिवसांच्या रजेतला एक दिवस कागदासाठी एसटीत जातो, आणि तोही उलट्या होत असताना.

बदलायचं ते फार नाही

नवा कायदा आणायची गरज नाही. नियमांत दोन दुरुस्त्या झाल्या तरी पुष्कळ फरक पडेल. लांबणाऱ्या आजारांची ३४ नावांची यादी सरकारकडे तयारच आहे. त्या यादीतल्या आजारासाठी पहिले दोन दिवस कापण्याची अट फक्त पहिल्या वेळी लावावी, मध्ये कितीही दिवसांचं अंतर पडो. आणि त्याच आजारांसाठी उपचाराच्या वेळापत्रकाचं एकच प्रमाणपत्र पूर्ण उपचाराला चालावं. ते मालकाला कळवलं की मधल्या प्रत्येक तुकड्याला नोकरीचं संरक्षण आपोआप मिळावं. सरकारी तिजोरीवर याचा मोठा बोजा पडणार नाही, कारण ९१ दिवसांची वरची मर्यादा आहे तीच राहते.

ऊसतोडीचा प्रश्न मात्र दुरुस्तीने सुटणारा नाही. तिथे आधी खाडा कापणं बंद व्हावं लागेल, मग रजेची भाषा. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. त्याच्या कामाचं माप यावरच धरायला हवं, की फडात आजारी पडलेल्या बाईच्या उचलीतून एक दिवस कापला गेला की नाही.

तोवर हातात काय

सगळ्यात आधी मोबाइल. उमंग ॲपवर ईएसआयसीची सेवा आहे. तिथे विमा क्रमांक टाकून आपली वर्गणी भरली जाते का, ते धडधाकट असतानाच बघून ठेवावं. पगारातून कापलंय आणि वर दिसत नाही, असं असेल तर शाखा कार्यालयात लेखी तक्रार करावी, पगाराची स्लिप जोडावी.

दुसरं, प्रत्येक तुकड्याचा कागद. खासगी डॉक्टरच्या चिठ्ठीवर ईएसआयचे पैसे आपोआप मिळत नाहीत. विमा डॉक्टरकडे नोंद लागते. मोठ्या दवाखान्यात उपचार चालू असतील तर तिथले डिस्चार्ज कार्ड, केमोची नोंद, डायलिसिसचं कार्ड घेऊन ईएसआयच्या दवाखान्यात जावं. ॲडमिट असतानाचा कागद सोडू नये.

तिसरं, कंपनीला लेखी कळवणं. साध्या कागदावर चार ओळी पुरतात : आजाराचा उपचार चालू आहे, पुढच्या तारखा या या आहेत, प्रमाणपत्र जोडलं आहे. दुसऱ्या प्रतीवर शिक्का किंवा सही घ्यावी. कोणी घेत नसेल तर रजिस्टर पोस्टाने किंवा ईमेलवर पाठवावं. निदान व्हॉट्सॲपवर तरी पाठवून तो मेसेज जपून ठेवावा. आजाराचं नाव सगळ्या शॉपफ्लोअरला कळावं असं वाटत नसेल, तर प्रमाणपत्र बंद पाकिटात द्यावं.

चौथं, सिकवर असताना घ्यायची काळजी. लाभ घेत असताना डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे वागावं लागतं, बरं व्हायला उशीर होईल असं काही करायचं नाही आणि परवानगीशिवाय भाग सोडून जायचं नाही. सिक घेऊन रानात कांदा काढायला गेलेला माणूस कोणी फोटो काढून दाखवला, तर पैसेही जातात आणि खऱ्या पेशंटवरचा विश्वासही.

सुरुवातीचा तो कामगार पाचव्या दिवशी गेटवर उभा आहे. त्याच्या खिशात फिटनेसचा कागद असेल, तर वॉचमनला गेट उघडावं लागेल. नसेल तर त्याच्या चार दिवसांच्या दुखण्याला तिथे कोणी साक्षीदार नाही.